न बनलेल्या धातूचा बक्लावा

मेझियान सरांच्या प्रयोगशाळेत धातू सोडून सगळं होतं. संगणक होते, कॉफीचं यंत्र होतं, दारावर 'चुंबकीय मिश्रधातू' अशी चकचकीत पाटीही होती. ओरान शहरापासून दोन तासांवरच्या त्या विद्यापीठात भट्टी काही आली नाही, आणि सरांचं तिच्यावाचून अडलंही नाही. एक मूलद्रव्य काढायचं, त्याच्या शेजारचं घालायचं, संगणकाला गणित घालून आपण जेवायला जायचं. परत येईस्तोवर नवा मिश्रधातू तयार, आणि पाठोपाठ नवा डॉक्टर. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, दुसरं काय!

सरांची विद्यार्थिनी हुआरिया, तिच्या वाट्याला आलेला धातू तर अर्धधातू निघाला. म्हणजे त्याच्यात वर तोंड केलेल्या इलेक्ट्रॉनांना रस्ता मोकळा आणि खाली तोंड केलेल्यांना दार बंद; थोरल्या सुनेला अख्खं घर आंदण, धाकटीला उंबराही ओलांडायची चोरी. चुंबकत्वही अगदी पूर्णांकात आलं, बरोब्बर चार. अर्धधातूची ती खूणच. लेख छापून आला. सर खूश, आणि तिची आई, यम्मा, तर इतकी खूश की गल्लीभर सांगत सुटली, "माझी पोर नवं लोखंड करते!"

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या आठवडाभर आधी पोरीला दुर्बुद्धी सुचली. सरांकडे अणू नेहमी एकाच क्रमाने बसवत, कारण आधीच्या प्रबंधात तसे बसवले होते, आणि त्याच्या आधीच्याही. हिने दोन अणूंच्या जागांची अदलाबदल करून पाहिली. ऊर्जा आणखी खाली गेली. म्हणजे हा धातू उद्या खरंच कुणी बनवला, तर अणू असेच बसणार. आणि असे बसले की बंद दार सताड उघडं, चुंबकत्व साडेतीनाच्या आसपास कुठेतरी. कसला अर्धधातू नि कसलं काय! चारचौघांसारखा साधा धातू.

ती तडक सरांकडे गेली. "सर, तिसरं प्रकरण चुकलंय. अणू दुसऱ्या जागी बसतात."

सर शांतपणे कॉफी ढवळत राहिले. "हा धातू कुणी बनवलाय का, बिंती, माझ्या पोरी?"

"नाही."

"कुणी बनवणार आहे?"

"कोण बनवणार, सर!"

"मग तक्रार घेऊन येणार कोण? झाकली मूठ सव्वा लाखाची. इथली शिकवण्याची जागा तुझ्या पदवीवर अडलीये, आणि तुझं घर त्या जागेवर. आधी पदवी पदरात पाडून घे, मग सत्याच्या मागे लाग की हवं तेवढं."

परीक्षेच्या दिवशी दालनाबाहेर बक्लावा, मक्रूत अशा मिठाया आणि सरबतं सकाळीच मांडून झाली होती. भरली ताटं दिसत असताना कुणाला नापास करायची कुणाची छाती होत नाही, हे तिथल्या प्रत्येक आईला ठाऊक. आत मागच्या रांगेत यम्मा आणि खैरामावशी ठेवणीतले कपडे घालून बसल्या होत्या.

बाहेरून आलेले परीक्षक सहराऊई म्हणजे कर्दनकाळ अशी ख्याती. हुआरिया तिसरं प्रकरण उघडून बसली होती. आता विचारतील, आत्ता विचारतील! सहराऊईंनी विचारलं ते हे: स्वल्पविराम इतके कमी का? आलेखाचा हिरवा रंग इतका फिका का? आणि संदर्भांत माझे लेख कसे नाहीत?

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "उमेदवाराला काही सांगायचंय?"

सरांनी डोळे वटारले. मूग गिळून बसली असती तर सोन्यासारखी नोकरी हातात होती. पण घशाशी आलेलं तिला गिळवेना. उठली आणि स्वच्छ फ्रेंचमध्ये म्हणाली, "तिसरं प्रकरण चूक आहे. अणूंची दुसरी मांडणी जास्त स्थिर आहे, आणि तिच्यात हा धातू अर्धधातू नाही. मी उशिरा तपासलं."

सर पांढरेफटक पडले. सहराऊई पाण्याच्या पेल्यात बघत बसले. नोकरी गेली, हुआरियाच्या मनात आलं, आणि नवल म्हणजे तिला हलकं हलकं वाटलं.

तेवढ्यात खैरामावशी, जिला फ्रेंचचं अक्षर कळत नव्हतं, ती यम्माला म्हणाली, "आटोपलं वाटतं गं!" आणि तिने टाळूला जीभ लावून असा काही लग्नाकार्यातला यू-यू-यूचा गजर केला की तावदानं थरथरली. सगळ्या बायकांनी सूर धरला. अध्यक्ष दचकून उठले, परीक्षक लगबगीने आतल्या खोलीत गेले आणि खुर्च्या गरम व्हायच्या आत बाहेर आले. सर्वोच्च श्रेणी! वर परीक्षकांचं खास अभिनंदन, 'प्रामाणिक आत्मपरीक्षणाबद्दल'.

मेझियान सरांनी तर ताटापाशीच नव्या विद्यार्थ्याला विषयही देऊन टाकला: अणूंची दुसरी मांडणी. सहराऊई बक्लावा तोंडात घोळवत हुआरियाच्या कानाशी आले. "शाब्बास, बिंती. फक्त जूनपर्यंत बाहेर बोलू नकोस. तेव्हा माझ्याही तीन विद्यार्थ्यांची परीक्षा आहे, आणि त्यांचे अणू जुन्याच जागी बसलेत."

घरी जाताना गाडीत यम्माच्या मांडीवर रिकामी ताटं खडखडत होती.

"तू उठून बोललीस तेव्हा त्या सगळ्यांची तोंडं का उतरली गं?"

"माझं काम चुकलंय असं मीच म्हणाले, यम्मा."

यम्माने वरच्या ताटातला चुरा बोटाने गोळा केला.

"चुकलंय? मग मेल्यांनी बक्लावा कशाचा खाल्ला?"