तातेच्या जागी तार

मित्रांनो, मी एक जुनी ल्यूट आहे, बोटांनी तारा छेडून वाजवायचं परदेशी वाद्य. म्हणजे होते, आता कपाटावर पडलेलं फुटकं लाकूड म्हणालात तरी मला राग येणार नाही. नासपती उभी चिरावी तसं माझं पोट, आणि त्यावरची फळी, म्हणजे तबली, नखापेक्षा जेमतेम जाड. मला घडवणारा कारागीर मोठा तोंडाळ होता, पण तबली तासताना श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. मेंढीच्या आतड्याची तात चढवून त्याने मला माझ्या मालकीणबाईंच्या हाती दिलं आणि म्हणाला, "हिला तातच झेपते. भलती हौस करू नका."

बाईंनी ते जन्मभर पाळलं. तातेचे नखरे काही कमी नव्हते. हवा दमट झाली की ती सूर सोडायची, झिजली की ऐन रंगात तुटायची. बाई न कुरकुरता नवी चढवायच्या. त्या वाजवू लागल्या की शेजारची भांडणंसुद्धा थांबायची. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढे बाईंचे कान गेले. तरी रोज त्या हनुवटी माझ्या काठावर टेकवून वाजवत बसायच्या. तातेची थरथर हाडातून आत जायची आणि त्यांना सूर कळायचा. हे फक्त त्यांना आणि मला ठाऊक होतं. लेकीला वाटायचं, आई नुसती सवयीने बोटं हलवते. तिचा जीव तुटायचा. आवाज मोठा निघाला तर आईला ऐकू येईल, या आशेने तिने पोलादी तारा आणल्या, तातेइतक्याच जाड. दुकानदाराने नायलॉन घ्या म्हणून सांगून पाहिलं, पण तिला ते मिळमिळीत वाटलं.

दुपारी आई झोपलेली असताना तिने तारा चढवल्या. तोच सूर गाठायला पोलाद तातेच्या कितीतरी पट ताणावं लागतं; खुंटी पिळली जाई तशी माझी तबली फुगत होती. ओरडायला मला तोंड नव्हतं. शेवटच्या पिळाला तारा धरून ठेवणारी घोडी तबलीचा लचका घेऊनच उखडली.

बाई उठून आल्या. लेक रडत रडत, कानाकडे बोट दाखवून, तुझ्यासाठीच केलं म्हणून सांगू लागली. बाई बराच वेळ माझ्या भगदाडावरून हात फिरवत राहिल्या.

"मला येत होतं गं ऐकू," त्या म्हणाल्या. "विचारायचंस तरी."

मला घडवणारा केव्हाच गेला होता आणि दुसऱ्या कारागिरांनी हात टेकले. मित्रांनो, लाकूड आज ना उद्या फुटायचंच, त्याचं मी फार मनाला लावून घेत नाही. पण बाईंचं उरलंसुरलं ऐकणं त्या दुपारी गेलं, आणि ते मायेच्या हातांनीच नेलं. कुणाचं भलं करायला निघालात, तर आधी त्याला विचारा.