पाय मागे घेणारा पेत्र

हाटकेशच्या आमच्या गाळ्यात चर्चच्या खिडक्यांच्या रंगीत काचा तयार होतात. काच कापणं, रंगवणं रेनॉल्डचं, तो उत्तन गावचा ख्रिस्ती. काच पुसायची आणि मोठ्या कागदावरच्या चित्रावर तुकडे जागच्या जागी मांडायचे, हे माझं काम. मग तो ते शिशाच्या पट्ट्यांनी जोडतो. मी चपला दाराबाहेर काढते. रेनॉल्ड चिडवतो, "मंदाताई, देव अजून बनायचाय. आत्तापासून काय?"

"बनताना पण तोच असतो ना," मी म्हणते.

त्या गुरुवारी चित्र होतं ते असं : एक माणूस खुर्चीवर, दुसरा कमरेला पंचा बांधून खाली बसलाय आणि त्याचे पाय धुतोय. डोक्यांमागे लावायची दोन पिवळी वलयं होती. एक साधं, एकात लाल क्रूस. क्रूसाचं मी बेधडक खुर्चीवरच्या डोक्यामागे ठेवलं. आमच्याकडे पाद्यपूजेला वर बसणाऱ्याचा मान, भक्त खाली.

रेनॉल्डने पाहिलं आणि हसायलाच लागला. "उलटं केलंस गं ताई! क्रूसवालं वलय फक्त येशूला. तो खाली बसलाय, तोच येशू हाय."

"देव खाली?"

"खालीच. वर बसलाय तो त्याचा शिष्य पेत्र, मासेमार. पाय द्यायला तयारच न्हवता तो. मागं घेत होता."

मी वलयं बदलली आणि बघतच राहिले. जन्मभर देवाचे पाय धुतले. देव कुणाचे धुवत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. रेनॉल्डने पंच्याची काच दुधासारखी पांढरी निवडली होती. खिडकीत सगळ्यात जास्त उजेड वलयातून नाही, त्या पंच्यातून येणार होता. केवढी समज म्हणायची ही!

पेत्राचे पाय तेवढे काढायचे राहिले होते. ते समोर बघून काढता यावेत म्हणून रेनॉल्डने धाकूभाऊंना बोलावलं होतं. धाकूभाऊ आमच्या गल्लीतली गटारं आणि सोसायट्यांच्या टाक्या साफ करतात. त्यांना कुणी बसा म्हणत नाही, आणि तेही कुठे टेकत नाहीत. आज मात्र पाय दगडाने घासून, नखं कापून, वर खोबरेल लावून आले होते.

रेनॉल्डने कपाळाला हात लावला. "काय केलंस हे? मला भेगा पाहिजेत!"

"भेगा कुठे जातायत? घासून जाणाऱ्या न्हाईत त्या."

पण चित्र बघितल्यावर ते दोन पावलं मागे सरले. "हे चर्चमधे लागणार? मग नको. माझ्या सोसायट्यांतली माणसं येतात तिथे. म्हणतील, गटारातला धाकू देवाकडनं पाय धुवून घेतोय."

"पाय कोण ओळखणार?"

"मी ओळखीन ना."

"मग जा. संध्याकाळी रंगवलेली काच भाजायला भट्टी लावायचीय. जुन्या चित्रातले गुळगुळीत पाय उतरवतो." रेनॉल्डचा आवाज पडला होता.

धाकूभाऊ दाराकडे वळले. माझा गुरुवार होता. संध्याकाळी पोथी वाचून होईपर्यंत मी सोवळं पाळते, बाहेरचं पाणीही घेत नाही. पण मला वाटलं, हा माणूस आत्ता गेला तर पुन्हा कुठल्याच खुर्चीत बसायचा नाही. मी घमेल्यात पाणी घेतलं, खुर्ची पुढे ओढली.

"बसा, धाकूभाऊ."

"ताई, आज तुमचा गुरुवार. विटाळ होईल."

"नेम माझा आहे. मोडला की राहिला ते मी बघते. तुम्ही बसा."

ते बसले, पण अगदी कडेला, कुणी ऊठ म्हणायच्या आत उठता यावं असे. मी पदर खोचून खाली बसले. पाण्याचा हात लागला मात्र, त्यांनी पाय झटकन वर घेतला. बोटं आखडली.

"हालू नको!" रेनॉल्ड ओरडला. "हाच! हाच पाय पाहिजे!"

"अरे, गुदगुल्या होतायत."

"पेत्राला पण झाल्या असतील."

आम्ही तिघंही हसलो. रेनॉल्डची पेन्सिल चालू लागली. मी टाच तळहातावर तोलून धरली. चेहऱ्यातले डोळे रेखाटावेत तशा काळजीने रेनॉल्ड एकेक भेग रेखाटत होता. दुसऱ्या पायावर पाणी घातलं, तेव्हा धाकूभाऊंनी तो मागे घेतला नाही.

"झालं," रेनॉल्ड म्हणाला. "ऊठ आता, धाकू."

धाकूभाऊ खुर्चीला पाठ टेकून बसले होते.

"थांब की जरा," ते म्हणाले. "पाय ओले आहेत अजून."