तीन नोकऱ्या केलेली कुदळ

मित्रांनो, माझं वय झालंय हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे माझं टोक बोथट का आणि दांडा पात्यापेक्षा नवा कसा, असं मध्येच कुणी विचारायला नको. मी कुदळ आहे. म्हसळ्याच्या बाजारात एका लोहारानं मला ठोकून घडवलं. दांडा पुढे बदलला, पातं मात्र त्याच्याच हातचं आहे. माझ्याबरोबर घडलेल्या बाकीच्या कुदळी एकेका घरी गेल्या, एकेक परस खणत राहिल्या आणि तिथेच कोपऱ्याला लागल्या. माझ्या नशिबात फिरती होती. मी आधी कॉलेजात शिकवलं, मग वाडी केली आणि आता मी खेळाच्या खात्यात आहे. हसू नका. हसणारे मी पुष्कळ पाहिलेत.

मला विकत घेतलं आफिया मॅडमनी. म्हसळ्याच्या बाजूला एका कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. नोकरी कायमची नव्हती, तासाच्या हिशेबानं होती. विभागाची स्वतःची एक कुदळ होती म्हणे, पण ती कपाटात होती आणि कपाटाची चावी कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मुळं दाखवल्याशिवाय झाड शिकवायचं कसं, असं म्हणून मॅडमनी सरळ बाजार गाठला. मला वर्तमानपत्रात गुंडाळून त्या एसटीत चढल्या तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "मॅडम, कुदळ घेऊन कॉलेजला?"

"हो, तिचा आज तास आहे," मॅडम म्हणाल्या.

तेव्हापासून मी स्वतःला प्राध्यापक समजते. मॅडम बोलायच्या आणि मी खणायची, पण मी खणल्याशिवाय त्या बोलणार काय? इस्त्रीचे कपडे घातलेली पोरं आधी नाक मुरडायची. मग एखाद्या रानझाडाचं मूळ खोल कुठवर गेलंय ते मातीत दिसलं, की गुडघे टेकून बघत बसायची. त्या वर्षांत मला फार मान होता. वर्गाच्या दाराशी मी उभी असायची आणि येणाराजाणारा मला वळसा घालून जायचा.

पुढे साथीनं कॉलेजं बंद पाडली ते वर्ष आलं. मॅडमचे तास थांबले आणि परत सुरू झाले तेव्हा त्यांना कुणी बोलावलं नाही. त्याच वर्षी किनाऱ्यावर वादळ आलं आणि मुरुडजवळच्या त्यांच्या घरच्या वाडीत पोफळी आडव्या झाल्या. मॅडमनी खोली रिकामी केली. दिघीहून फेरीबोटीनं अगरदांड्याला उतरलो तेव्हा त्यांच्या एका हातात पुस्तकांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात मी.

वाडी त्यांच्या वडिलांची, अब्दुस्समद चाचांची. चाचा उंच, मोजकं बोलणारे. आयुष्याची बरीच वर्षं कुवेतला काढून परतलेले. पोफळी म्हणजे तुमच्या भाषेत सुपारीची झाडं. त्यांच्या वडिलांनी लावलेल्या पोफळींचा एक अख्खा तुकडा वादळानं झोपवला होता. चाचा त्या मोकळ्या जागेशी रोज संध्याकाळी उभे राहायचे. मला ती उभं राहण्याची तऱ्हा बघवत नसे.

मॅडमनी पदर खोचला नाही, ओढणी कंबरेला बांधली. बुंधे उपसले, पाट साफ केले. पाट म्हणजे विहिरीचं पाणी झाडांपर्यंत नेणारी मातीची नाली. झाडाच्या बुंध्याशी पाणी धरायला गोल खळगा करतात, त्याला आळं म्हणतात. ती आळी मी पुन्हा कोरली. मॅडमनी सुपाऱ्या रुजत घातल्या, रोपवाटिका उभी केली. मुरुडहून, पार रोह्याहून लोक रोपं न्यायला येऊ लागले. तरी गावाचं तोंड कोण धरणार? एवढी शिकली आणि शेवटी माती उपसते, असं बोलणारे रोपं मात्र आमच्याकडूनच न्यायचे.

तिसऱ्या नोकरीचं असं झालं. गावच्या हायस्कूलच्या मुली एकदा रोपवाटिका बघायला आल्या. त्यांत कोळीवाड्यातली नेत्रा होती. बाकीच्या मुली पाटावरच्या फळीवरून एकेक करून जात होत्या. ही मागे सरली, धावली आणि पाट ओलांडून पलीकडे असलेल्या आळ्याच्याही पुढे पडली. मॅडमचं बोलणं अर्धंच राहिलं. कॉलेजात शिकत असताना त्या स्वतः लांब उडी मारायच्या, विद्यापीठापर्यंत गेल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"चप्पल काढ आणि परत मार," मॅडम म्हणाल्या.

नेत्रानं परत मारली. मॅडमनी मला उचललं ते मापाची खूण करायला, आणि त्या दिवसापासून मी कोच झाले.

शाळेच्या पटांगणात कातळ. समुद्रकिनाऱ्यावर भरती-ओहोटी, त्यात पर्यटकांच्या घोडागाड्या. उडीला मऊ वाळूचा खड्डा लागतो आणि तो करण्याजोगी जागा गावात एकच होती, पोफळी पडलेला तो तुकडा. मॅडमनी चाचांना विचारलं.

चाचांनी आधी त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाले, "ती जागा पोफळींची आहे, आफिया. पुढचा पाऊस ओसरला की मी रोपं लावणार. तोवर मारा उड्या."

एवढीच मुदत मिळाली. त्या तुकड्यात मी खड्डा खणला आणि मॅडमनी त्यात किनाऱ्यावरची वाळू भरून घेतली. मॅडमनी मनाशी एक ठरवलं. पाऊस सरल्यावर तालुक्याच्या स्पर्धा असतात. तिथं नेत्रा पहिली आली, की अब्बांना पुन्हा विचारायचं. नाही आली तर जागा गेली आणि जागा गेली तर पोरींच्या उड्याही गेल्या. मॅडमचा जीव त्या खड्ड्यात अडकला होता, हे मी त्यांच्या मुठीवरून ओळखायची.

खड्ड्याचा एक नियम होता. उडी मारण्याआधी रोज सकाळी वाळू खणून मोकळी करायची. ते काम माझं, म्हणून मी खड्ड्याच्या कडेलाच उभी असायची. हळूहळू सात-आठ मुली येऊ लागल्या. नेत्राची उडी बोटाबोटानं वाढत होती.

पाऊस ओसरला. ऊन तापू लागलं आणि वाडीत पहिल्या पाण्याचा दिवस आला. मित्रांनो, हा चाचांच्या घरचा रिवाज आहे, नीट ऐका. पावसाळा संपल्यावर पाट पहिल्यांदा सोडतात तेव्हा ते पाणी वाडीतल्या एकाही आळ्याला चुकवायचं नाही. झाड आजारी असो, वांझ असो, मेलेलं असो, त्याच्या आळ्यात पहिलं पाणी पडलंच पाहिजे. चाचांच्या वडिलांनी हे पाळलं, चाचाही पाळतात. त्या दुपारी मॅडम रोपं पोचवायला मुरुडला गेल्या होत्या. चाचांनी मला पाट फोडायला घेतलं. बरोबर नामा होता, वाडीवर कामाला येणारा गडी. सगळी आळी भरली आणि नामा खड्ड्यापाशी थबकला.

"चाचा, यात पन सोडाचा का पानी?"

चाचांनी खड्ड्याकडे पाहिलं. "पहिलं पाणी आहे. याला एकट्याला का चुकवायचं? सोड."

पाणी वाळूत गडप झालं. मला पाटाच्या तोंडाशी टेकवून दोघं घरी गेले.

मुरुडच्या किनाऱ्यावर ओहोटीला चालून बघा. ओल्या वाळूवर गाडी धावते, चाकसुद्धा रुतत नाही. खड्ड्याची वाळू आतून तशी घट्ट बसली आणि वरचा थर वाऱ्यानं सुकून नेहमीसारखा दिसू लागला. सकाळी नेत्रा सगळ्यांच्या आधी आली. मी जागेवर नव्हते. कुदळ कडेला नाही म्हणजे मॅडमनी वाळू खणून ती पुढच्या कामाला नेली असणार, असं पोरीला वाटलं. मी पाटाच्या तोंडाशी होते आणि बघत होते. मित्रांनो, मला पातं आहे, तोंड नाही. ती धावली, उडाली आणि पडली ती पाय धरूनच.

हाड मोडलं नव्हतं, पण घोटा जबर मुरगळला. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि महिनाभर पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं. स्पर्धा पुढच्याच आठवड्यात होती. नेत्राची आई वाडीच्या फाटकाशी आली. ती भांडली नाही. माशांची पाटी खाली ठेवून एवढंच म्हणाली, "म्याडम, मावरा इकाला पाय लागतान. उड्या झाल्या आता तिच्या."

मॅडम खड्ड्याशी गेल्या, हात घालून ओल पाहिली आणि ताडताड घराकडे निघाल्या. वाटेत मला उचललं. चाचा आणि नामा विहिरीपाशी होते.

"खड्ड्यात पाणी कुणी सोडलं?"

"मी," चाचा म्हणाले.

"जागा हवी होती तर तोंडानं मागायची होती, अब्बा. पोरीचा पाय कशाला घेतलात?"

नामा बोलायला पुढे झाला. चाचांनी त्याला हातानं थांबवलं आणि ते घरात निघून गेले. त्या क्षणी मला त्या दोघांचाही राग आला. एकाला बोलवत नव्हतं आणि एकीला थांबवत नव्हतं.

मॅडमनी मग ठरवूनच टाकलं. खड्डा बुजवायचा, रोपं आजच लावून मोकळं व्हायचं. रोपवाटिकेची वाट वाडीच्या टोकाला असलेल्या एका आळ्यावरून जाते. तिथला माड वादळातच उन्मळला. आता तिथं कुजकं खोड तेवढं आहे. मॅडमचा पाय त्या आळ्यात पडला आणि चिखलात रुतला.

त्या थांबल्या. खाली पाहिलं. खोडाभोवती काठोकाठ ओल होती. मग त्यांनी पलीकडचं रोगट पोफळीचं आळं पाहिलं, त्याच्या पलीकडचं पाहिलं. दांड्यावरची त्यांची मूठ सैल झाली. मेलेल्या माडालाही पाणी मिळालंय हे बघत मॅडम मला धरून तिथंच टेकल्या. मग उठून घरी गेल्या. चाचा ओटीवर एकटेच होते.

"काल पहिलं पाणी होतं," मॅडम म्हणाल्या.

"होतं."

"खड्ड्यालाही दिलंत."

"वाडीतच आहे ना तो."

"मग सकाळी मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू? पोरीचा पाय माझ्याच पाण्यानं गेला. मुद्दाम नाही केलं, असं सांगून तो बरा होणार होता का?"

मॅडम ओटीच्या पायरीवर बसल्या. "मी फार वाईट बोलले, अब्बा."

"बोललीस. लागलंही मला."

"कॉलेज सुटलं. वाडीचं तुमच्या मनासारखं झालं नाही. आता हेही गेलं. लोक म्हणतात ते खरं आहे, माझं एक काम धड होत नाही."

चाचांनी लेकीकडे नीट वळून पाहिलं. "मी रेवसच्या लाँचवर दोरखंड फेकले. कुवेतला गोदाम सांभाळलं. म्हातारपणी माळी झालो. मला कुणी विचारलं का, समद, तुझं एक काम धड का नाही? म्हणाले, चार मुलुख पाहिलेला माणूस आहे. तूच का ऐकून घेतेस?"

दुसऱ्या दिवशी चाचा कोळीवाड्यात गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, कारण माफी मागायला कुणी कुदळ घेऊन जात नाही. नेत्राची ती स्पर्धा मात्र हुकलीच. दुसऱ्या गावची मुलगी पहिली आली आणि तिची उडी आमच्या नेत्राच्या रोजच्या उडीपेक्षा तोकडी होती. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

पुढच्या आठवड्यात चाचांनी दोरी ताणली आणि लागवड सुरू केली. खड्डा अजून बुजवलेला नव्हता. नामा मला चालवत होता. एक ओळ झाली, दुसरी झाली. तिसरी ओळ खड्ड्यावरून आणि मुलींच्या धावपट्टीवरून जायची होती. चाचांनी दोरी उचलली आणि ती सगळी जागा ओलांडून पार पलीकडे ठोकली.

रोपांची टोपली घेऊन आलेल्या मॅडम बघतच राहिल्या. "अब्बा, मधली ओळ राहिली."

"तिथं पोरी धावतात," चाचा म्हणाले आणि नामाला पुढचं आळं दाखवू लागले.

ज्या माणसाला त्या जागेतली एकेक पडलेली पोफळ नावानिशी आठवते, त्यानं अख्खी ओळ सोडली. मॅडम टोपलीआड तोंड लपवून रडल्या. मीही रडले असते, पण लोखंडाला ओल सोसत नाही.

आता वर्ष झालं. नेत्रा परत आली आहे, आईच तिला फाटकापर्यंत सोडते. काल पहिल्या पाण्याचा दिवस होता आणि परवा स्पर्धा आहे. सगळी आळी भरून झाल्यावर चाचा तांब्या घेऊन खड्ड्यापाशी आले आणि कडेला, वाळूला लागणार नाही असं, थोडं पाणी ओतलं.

नेत्रा म्हणाली, "चाचा, इथं तर काय लावलेलंच नाय."

"म्हणून काय झालं? गेल्या वर्षी जरा जास्त दिलं. यंदा मोजकं," चाचा म्हणाले आणि मला तिच्या हातात दिलं. तिनं स्वतः वाळू खणली, पार तळापासून.

परवा ती जिंकेल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण एक मागणं आहे, मित्रांनो. वाळूतून काढलीत की मला गोड्या पाण्यानं धुवा, खारी वाळू माझं पातं खाते. आणि तुमच्या घरात कुणी दुसरं, तिसरं काम नव्यानं धरून बसलं असेल, त्याच्या खड्ड्यात अजून काही दिसत नसेल, तर त्याला हसू नका. पहिलं पाणी त्यालाही द्या. किती द्यायचं ते मात्र आधी त्यालाच विचारा.