तळ्याकाठचं माप

तळ्याची देखरेख करायला मंडळी जमली, तेव्हा निम्म्यांना बदक आणि पाणकोंबडी यांतला फरक कळत नव्हता. उत्साह मात्र असा, की विचारू नका. शिकवायला येणारी ताई वयाने लहान, पण शिस्तीला कडक. काठावर नवी रोपं लावून झाल्यावर तिने जमिनीत एक खुंटी ठोकली.

"दर महिन्याला फोटो इथूनच काढायचा. आणि रोपाशेजारी दर वेळी तेच माणूस उभं करायचं. म्हणजे वाढ कळते."

फोटोचं काम शिंप्याकडे आलं, कारण त्याचा हात स्थिर. चिखलात उभं राहायला मात्र कोणी पुढे होईना. शेवटी त्याची बायकोच गमबूट चढवून निघाली. "जन्मभर लोकांची मापं घेतलीत," ती म्हणाली, "आता बायकोचीच पट्टी करा."

पहिल्या फोटोत मधलं रोप तिच्या खांद्याला टेकत होतं. थंडी पडली तेव्हा ते खांद्याच्या थोडं वर गेलं, आणि उन्हाळ्यात पार हनुवटीला भिडलं. शिंप्याचे पाय जमिनीवर ठरेनात. कोट शिवायला आलेल्या माणसाला आधी फोटो बघावे लागत, मग माप. दर महिन्याला खुंटीपाशी उभा राहून तो ओरडायचा, "अगं, ताठ उभी राहा! उंची चुकेल!" आणि ती हसत हसत ताठ व्हायला बघायची.

वर्ष भरलं तेव्हा ताईने वाचनालयाच्या खोलीत सगळे फोटो भिंतीवर ओळीने लावले. एकेका फोटोपाशी थांबत ती ओळीच्या शेवटापर्यंत गेली. मग तिने एका लोखंडी खांबावर बोट ठेवलं. पाण्याची पातळी बघायचा तो जुना खांब प्रत्येक फोटोत मागे उभा होता, आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"खांबाशी ताडून बघा. रोपं लावली तेवढीच आहेत. मुळं नीट धरलीच नाहीत त्यांनी."

मंडळींचे चेहरे पडले. औषधाच्या दुकानवाल्या काकूंना पटेना. "असं कसं? हनुवटीला लागलंय की!"

"म्हणजे मीच धुण्यात आखडले!" शिंप्याची बायको म्हणाली, आणि खोलीत हशा पिकला.

शिंपी हसला नाही. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याचा कोणता खांदा उतरलाय हे सांगणारा माणूस तो. आज पहिल्यांदा त्याने रोप सोडून बायकोकडे पाहिलं. तिची पाठ फोटोगणिक खाली येत गेली होती. शेवटच्या काही फोटोंत तिचा एक हात कमरेवर होता. त्याला वाटलं होतं, ऐटीत उभी आहे.

घरी न जाता त्याने तिला दुकानात नेलं. "चपला काढ. भिंतीला टेक."

"अहो, वय झालं की माणूस वाकायचंच."

टेप लावला. त्याच्या आठवणीतल्या मापाहून ती चांगली चार बोटं कमी भरली. पाठीला हात लागला तशी ती कळवळली.

"एवढं दुखतंय? आणि बोलली नाहीस?"

"किती वर्षांनी तुम्हाला इतकं खुशीत बघत होते," ती म्हणाली. "त्यात माझं रडगाणं कुठे लावू?"

शिंप्याला भयंकर राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना.

मोठ्या दवाखान्यात एक्स-रे निघाले. मणके आतून पोखरले होते आणि एकेक करून खचत चालले होते. आजार हाडांमध्ये सगळीकडे पसरला होता. डॉक्टरांनी पेन उचललं. "कधीपासून दुखतंय?"

"झाला असेल महिनाभर," ती घाईघाईने म्हणाली. शिंप्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

आपल्याला पाठीशी घालायला ती खोटं बोलतेय, हे त्याला कळलं. महिनाभर म्हटलं की कोणाचाच दोष उरत नव्हता. गप्प बसणं अगदी सोपं होतं. त्याने पिशवीतून फोटो काढले आणि टेबलावर एकापुढे एक मांडले.

"नाही, डॉक्टर. थंडीपासून," तो म्हणाला. "दर महिन्याला मी हिच्या समोर उभा होतो. रोप बघत होतो."