पादुकांना इथूनच नमस्कार

आमच्या लेकीनं, हरिणीनं, अमेरिकेत ज्या गावी घर घेतलं त्याचं नाव पडूका. आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं पादुका करून टाकलं. "बघायला तरी या," असं ती म्हणाली, की ह्यांचं उत्तर ठरलेलं: "पादुकांना इथूनच नमस्कार!"

चेन्नईत वेलचेरीला आमचं घर तळमजल्यावर. २०१५च्या पुरात ते बुडालं, तेव्हापासून दुधानं पोळलेला हा माणूस ताकही फुंकून पितो. आणि पोरीनं घर घेतलं ते नेमकं ओहायो आणि टेनेसी नद्यांच्या संगमावर! आता तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. मला जायचंच होतं, पण ह्यांना एकट्याला टाकून जाववेना.

रविवारी हरिणीनं फोनवरूनच गाव दाखवायला घेतलं. पूर्वी इथं आगबोटी लागायच्या म्हणाली, आणि मालाचे तराफे ढकलणाऱ्या बोटींची आजही वर्दळ. मग गोधड्यांचं संग्रहालय. तिनं आतले फोटो दाखवले आणि मी बघतच राहिले, काय ते टाके! आमच्या अम्मानं शिवलेल्या गोधडीनं आम्ही फरशी पुसली, आणि ही माणसं गोधडी भिंतीवर टांगून तिकीट लावतात. शहाणं कोण, ते मी सांगायला नको.

हे मात्र ना बोटी बघत, ना गोधड्या.

"वेळ्ळम येतं की नाही तिथं, तेवढं सांग गे."

"पुरासाठी भिंत बांधलीय, अप्पा."

"भिंत बांधलीय म्हणजे येतं!"

जन्मभर बँकेत हिशेब तपासलेला माणूस. त्याच्याशी वाद कोण घालणार?

हरिणी सरळ त्या भिंतीपाशीच गेली. लांबच लांब भिंत, आणि तिच्यावर गावाचा इतिहास रंगवलेला. बाजार, आगबोटी, आणि एका चित्रात १९३७ सालचा पूर.

"जवळजवळ सगळ्या गावाला घरं सोडून जावं लागलं होतं," ती म्हणाली. "मग ही भिंत बांधली, आणि पुढं तिच्यावरच हे काढलं."

ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. आमच्याकडच्या पुरानंतर आम्ही पोंगलच्या आत घराला रंग देऊन भिंतीवरची पाण्याची खूण घालवली होती. 'घोट्याएवढं पाणी आलं,' असं लेकीला तेव्हा ह्यांनीच फोनवर सांगितलं होतं. आणि इथं एका गावानं आपलं बुडणं भर रस्त्यावर रंगवून ठेवलेलं! मला त्या परक्या माणसांचा फार अभिमान वाटला.

"छातीपर्यंत होतं, कन्ना," हे एकदम म्हणाले. "तुझ्या अम्माला कपाटावर चढवलं. मला वाटलं, संपलं सगळं."

हरिणी रडायलाच लागली.

"तिकिटं काढ आमची. आणि त्या पुरातलं कुणी म्हातारं उरलं असेल, तर भेटव मला."

"कशाला, अप्पा?"

"विचारायचंय. त्यानंतर त्यांना झोप कधी लागली?"

इतकी वर्षं मी ह्यांच्या शेजारी गाढ झोपत आले.