चार मात्रा गप्प

साल २०१६. महाल भागातल्या एका शाळेच्या बँडमध्ये नववीतल्या पायलला ट्रंपेट मिळालं, तेही पहिल्या रांगेतलं. तिचे बाबा नत्थू वरातीत ट्रंपेट वाजवायचे. कानानं ऐकायचं आणि फुंकायचं, ही घरची विद्या. कागद वाचून कोणी वाजवतं, हेच त्या घराला नवल होतं.

बँड शिकवायला रुपराव सर होते. फौजेच्या बँडातून निवृत्त झालेले, रोज कामठीहून बसनं यायचे. त्यांनी फळ्यावर पाच रेघा ओढून नोटेशन शिकवलं. पायल मान डोलवायची आणि वाजवायची मात्र मागच्या रांगेतल्या भावनाचं ऐकून. तीन महिने हे खपलं. मग एके दिवशी सरांनी तिला एकटीला उभं केलं. दुसऱ्याच ओळीत त्यांनी हात वर केला.

"पायल, इथं कागदावर काय आहे?"

"काही नाही सर."

"मग तू काय वाजवून राहिली?"

"रिकामं होतं ना सर. बरं नाही दिसत."

सगळा बँड खिदळला. सर नाही हसले. "ती रेस्ट आहे. रेघेखाली लटकलेला ठोकळा, म्हणजे चार मात्रा गप्प. रेघेवर बसलेला, म्हणजे दोन. शनिवारी नवा कागद देतो. रिकाम्या जागेत फुंकलं, तर शाळांच्या बँड स्पर्धेत पहिल्या रांगेत तुझ्या जागी भावना."

घरी पायल रडकुंडीला आली. नत्थू म्हणाले, "गप्प काहून राहाचं वं? वरातीत बँड थांबला, तर नवरदेवाचा बाप अंगावर येते!"

"बाबा, ही वरात नाही ना!"

आई मीराबाईनं तोडगा काढला. दोघांनी समोरासमोर बसून वाजवायचं. ती टाळ्यांनी मात्रा मोजणार, आणि रेस्टमध्ये जो फुंकेल तो भांडी घासणार. चार दिवस नत्थूंनीच भांडी घासली. "तीस वर्षांचा हात आहे, आवरत नाही," ते कढई खरवडत म्हणायचे. पाचव्या दिवशी पायल चुकली आणि मीराबाई म्हणाली, "घे, आता तुह्या बाबाले सुट्टी."

शनिवारचा कागद कोणी कधी ऐकलेला नव्हता. ऐकून उचलायची सोय नव्हती. पायल एकेक सूर वाचत गेली. तिसऱ्या ओळीत सलग दोन घरं रिकामी, दोन्हींत रेघेखाली लटकलेला ठोकळा. आठ मात्रा! ओठ शिवशिवले. तिनं बुटातला अंगठा दाबत मोजायला सुरुवात केली. त्या शांततेत मागचा लहान ढोल तिला पहिल्यांदाच नीट ऐकू आला. इतके दिवस तो तिच्याच आवाजाखाली दबला होता. आठ झाले, आणि ती बरोबर पहिल्या मात्रेवर शिरली.

सर म्हणाले, "पुढच्या वेळी तिथं श्वास भरून घे. जागा त्याच्यासाठीच असते." आणि तिचा स्टँड पहिल्या रांगेतच राहू दिला.

स्पर्धेत शाळेचा तिसरा नंबर आला. रुपराव सर पुढं मुलाकडे अमरावतीला गेले आणि करोनाच्या दुसऱ्या वर्षी वारले. भावनानं बारावीनंतर वाद्य सोडलं. ती हिंगण्याच्या एका कारखान्यात हिशेबनीस आहे. नत्थूंचे पुढचे दात गेले, तेव्हा ट्रंपेट सुटलं. आता ते वरातीत सगळ्यांच्या पुढं चालून रस्ता मोकळा करतात. मीराबाईचे गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत. आणि पायल पोलीस बँडमध्ये भरती झाली. मागच्या वर्षी तिचं लग्न झालं, नवरा सनई वाजवतो.