कॅप्टनसाहेबांचं फाटक

"जुई, ती माणसं हटवू नकोस गं. ती येतात म्हणून म्हाताऱ्याचं फाटक रोज उघडतं," चारुलताकाकू म्हणाल्या होत्या. तीस वर्षं लखनौत काढलेली ही शेजारीण. पण जुईने हसून उडवून लावलं. "काकू, तुमच्या घरात लहान मूल नाही ना!"

पलीकडच्या घरात कॅप्टन शिवमूर्ती सिंह एकटे राहत. आधी फौजेत, मग राज्याचे महसूलमंत्री. खुर्ची जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी सकाळी सातला गावोगावची माणसं खतौनी, म्हणजे आपला सातबारा, पिशवीत घालून जानकीपुरमच्या त्या गल्लीत हजर. कॅप्टनसाहेब भिंग लावून कागद वाचत, अर्ज लिहून देत. गर्दी वाढली की माणसं जुईच्या पायरीवर टेकत आणि तीन वर्षांचा अमोघ त्यांच्या पिशव्यांत डोकावे. जुईचा जीव खालीवर होई.

एकदा तिने कॅप्टनसाहेबांना तोंडावर सांगितलं, ही गर्दी नको. ते हसले. "बहूजी, मंत्री था तब इनकी फाइलें नहीं पढ़ीं. अब सज़ा काट रहा हूँ."

तिने फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला: अनोळखी पुरुष, मुलांची सेफ्टी. आठवड्याभरात गार्ड माणसांना नाक्यावरूनच परत पाठवू लागला.

"झालं समाधान?" नवऱ्याने, संकेतने विचारलं. झालं होतं.

मग एका सकाळी फाटकाशी पेपर तसाच पडलेला दिसला. दुसऱ्या दिवशी दोन. जुईच्या नजरेतून काही सुटत नाही. गावाला गेले असतील, असं तिने स्वतःला समजावलं. खरं तर बेल वाजवायला तोंड नव्हतं. तिसऱ्या दिवशी अमोघ म्हणाला, "मम्मा, दादाजी पेपर क्यों नहीं उठाते?"

दार तोडावं लागलं. खुब्याचं हाड मोडून ते न्हाणीघरात पडले होते. शुद्धीत होते. तिला बघून ओठ हलले, "कोई आया नहीं, बहूजी?"

का आलं नाही, ते तिने अजून सांगितलेलं नाही.

ते काठी टेकत घरी आले. जुईने ग्रुपवर माफी मागितली, गार्डला बजावलं. पण एकदा हाकललेली माणसं फिरकली नाहीत. सकाळी तीच जाऊन बसू लागली. आता संकेतची बदली नागपूरला झाली आहे आणि काकूंचे गुडघे जिना उतरू देत नाहीत.

म्हणून ती तुम्हालाच विनवते. जानकीपुरमकडे गेलात, तर हिरवं फाटक बघा. उघडं असेल तर नमस्कार करून पुढे जा. बंद असेल तर जोरात हाक मारा. तोफांनी त्यांचा डावा कान नेलाय. एका हाकेवर परत फिरू नका.